ध्येयाच्या नावाने थकलेला पगार

१/
“‘केसरी’ काय पगाराच्या तारखा पाळून उभा राहिला होता का?” गेल्या वर्षी एका माध्यम स्टार्टअपच्या संस्थापकांनी मला हा प्रश्न विचारला. माझे तीन महिन्यांचे मानधन थकले होते आणि ते मागण्यासाठी मी त्यांच्यासमोर बसले होते. इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी असूनही त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. नंतर मात्र मी ते शोधत राहिले. आजचा धागा त्या उत्तराचा आहे. नेहमीपेक्षा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम पार्श्वभूमी. ही संस्था इतिहासावरील मराठी चित्रफिती तयार करीत असे. मी संहिता लिहीत असे, एक मित्र संकलन करीत असे, एक मैत्रीण चित्रे काढीत असे. संस्थापकांना आम्ही सारे ‘दादा’ म्हणत असू. पहिले पाच महिने पैसे वेळेवर आले. सहाव्या महिन्यात दहा दिवस उशीर झाला आणि सातव्यापासून काहीच आले नाही. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण माझे म्हणणे एका माणसाविषयी नसून एका सवयीविषयी आहे.

३/
दादांच्या प्रश्नात एक ऐतिहासिक दावा होता: मराठी पत्रकारिता त्यागावर उभी राहिली, तेव्हा तुम्हीही थोडा त्याग करा. यातील पूर्वार्ध खरा आहे, पण त्यावरून उत्तरार्ध सिद्ध होत नाही. त्याग कोणी केला आणि तो कोणाच्या खिशातून झाला, हे तपासावे लागते. माझे मत आधीच सांगते. वृत्तपत्र ज्याचे होते त्याने झीज सोसली, ही आपली परंपरा आहे. मालकी एकाची आणि झीज दुसऱ्याची, हे मात्र संमती न विचारता घेतलेले कर्ज आहे.

४/
‘केसरी’पासूनच सुरुवात करू. जानेवारी १८८१ मध्ये ‘मराठा’ आणि ‘केसरी’ ही दोन पत्रे निघाली. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे १८९० नंतर भागीदारी मोडली तेव्हा ही पत्रे टिळकांकडे आली, ती कर्जासकट. तुरुंग संपादकांच्या वाट्याला आला आणि कर्ज मालकाच्या. पत्र बुडाले असते, तर सर्वांत मोठी ठोकर त्यांनाच बसली असती.

५/
डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे उदाहरण याहून बोलके आहे. अल्प वेतनावर शिक्षणकार्य करायचे, हे त्या मंडळींनी आपणहून ठरवले होते. तरीही वेतन किती असावे, बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, यावर आजीव सदस्यांत कडाक्याचे वाद झाले. त्या वादांची परिणती टिळकांनी १८९० मध्ये सोसायटीचा राजीनामा देण्यात झाली. म्हणजे त्या त्यागालाही अटी होत्या, त्या सर्वांना आधी ठाऊक होत्या आणि त्यांवर समोरासमोर भांडता येत होते. पैशांविषयी बोलणे म्हणजे ध्येयाशी द्रोह, असे कोणी मानले नव्हते.

६/
आता दुसरी परंपरा पाहू. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. एप्रिल १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले. माणसे नेमण्याइतका पैसा नव्हता, म्हणून रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. १९२९ मध्ये ते पत्र थांबले. पैसा नसेल तर उघडपणे मदत मागावी, काम स्वतः करावे आणि तरीही निभले नाही तर थांबावे, असा हा मार्ग आहे. माणूस नेमावा, त्याच्याकडून काम करून घ्यावे आणि त्याचे पैसे लांबवावेत, हे यात कोठेच बसत नाही.

७/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहिले पाहिजे. जुनी वृत्तपत्रे आदर्श मालक होती, असे मी म्हणत नाही. आपल्याकडे चरित्रे संपादकांची लिहिली गेली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांची किंवा अंक वाटणाऱ्यांची नव्हे. त्यामुळे ‘पत्रकारितेचा त्याग’ म्हटले की संपादकाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि पगारदार माणूस चित्रातून नाहीसा होतो. थकलेल्या पगाराचे समर्थन करणाऱ्यांना नेमके हेच सोयीचे पडते. म्हणून आता त्या पगारदार माणसाकडे वळू.

८/
१८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले. पैशांची ओढाताण कायमची होती. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आपल्या हाती घेतले. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी होते आणि कापडगिरणीत भांडारप्रमुखाची नोकरी केलेले होते. म्हणजे एका तोट्यातल्या, ध्येयवादी, सतत निधीच्या शोधात असलेल्या मराठी माध्यमसंस्थेचे ते प्रमुख होते. आजच्या भाषेत सांगायचे तर संस्थापक. या संस्थापकाने पगाराच्या तारखेविषयी काय भूमिका घेतली, ते पाहण्यासारखे आहे.

९/
सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यात आले. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, अपघातात जखमी झाल्यास भरपाई, आणि केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मान्य झाली, म्हणून ती मागणी सर्वांच्या लक्षात राहिली. १५ तारखेची मागणी आपण विसरलो.

१०/
तारखेची मागणी इतकी महत्त्वाची का होती? गिरण्यांत पगार बराच काळ मालकाकडे अडकून राही. मधल्या दिवसांत कामगार वाण्याकडून उधारीवर धान्य घेई आणि सावकाराकडून व्याजाने पैसे उचली. पगार हाती येई तेव्हा त्याचा मोठा भाग व्याजातच जाई. नोकरी सोडावी, तर अडकलेला पगार बुडण्याची भीती. म्हणजे एकाच वेळी कामगार गिरणीला बिनव्याजी कर्ज देत होता आणि स्वतः मात्र व्याजाने कर्ज काढीत होता. लोखंड्यांनी हे ओळखले होते.

११/
आता हेच चित्र आमच्या खोलीत आणून ठेवा. संकलन करणाऱ्या माझ्या मित्राने या कामासाठीच हप्त्यांवर संगणक घेतला होता. मानधन थांबले, हप्ते थांबले नाहीत. त्याने ते क्रेडिट कार्डावरून भरले. चित्रे काढणाऱ्या मैत्रिणीने घरभाड्यासाठी वडिलांकडून पैसे मागवले. मी अभ्यासवृत्ती मोडून खाल्ली. संस्था चालू राहिली ती आमच्या उधारीवर, आणि ते व्याज कोणाच्याही ताळेबंदात दिसत नव्हते. काम सोडून जावे, तर मागचे बुडेल या भीतीने आम्ही आणखी एक महिना काम केले. १८८४ चा गिरणी कामगार याच हिशेबात अडकला होता.

१२/
लोखंड्यांच्या मागणीला कायद्याचे रूप यायला अर्धशतक लागले. वेतन प्रदान कायदा १९३६ मध्ये झाला आणि मार्च १९३७ मध्ये लागू झाला. हजारांहून कमी माणसे असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपूर्वी आणि मोठ्या ठिकाणी १० तारखेपूर्वी पगार द्यावा, असे बंधन आले. आरंभी हा कायदा कारखाने आणि रेल्वे यांच्यापुरता होता. छापखान्यातील कामगाराला कारखान्याचा कायदा लागू होऊ शकत होता. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बातमी लिहिणारा पत्रकार मात्र त्याच्या बाहेर होता.

१३/
यात पत्रकारांचा स्वतःविषयीचा समजही कारणीभूत होता. कलकत्त्यात छापखान्यातील कामगारांनी ऑक्टोबर १९०५ मध्ये, स्वदेशी चळवळीच्या धामधुमीत, आपली संघटना स्थापन केली. लेखणी चालवणाऱ्यांना मात्र स्वतःला ‘कामगार’ म्हणवून घेणे जड गेले. आपण विचारवंत, समाजसेवक, निदान कलावंत तरी आहोत, ही भावना आजही तशीच आहे. माझ्याही मनात ती होती. मजुरीसारखे पैसे मोजून मागणे मला कमीपणाचे वाटले, आणि त्या संकोचात माझे दोन महिने गेले.

१४/
स्वातंत्र्यानंतर सरकारने पहिला वृत्तपत्र आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. आयोगाचा अहवाल १९५४ मध्ये आला आणि १९५५ मध्ये श्रमिक पत्रकार कायदा झाला. कामाच्या तासांना चार आठवड्यांत १४४ ही मर्यादा आली. छाटणीपूर्वी संपादकाला सहा महिन्यांची व इतर पत्रकारांना तीन महिन्यांची सूचना देणे आवश्यक ठरले. उपदान आणि वेतनमंडळाची तरतूद झाली. मुख्य म्हणजे औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण पत्रकाराला मिळाले. ‘श्रमिक’ हा शब्द त्याच्या नावाआधी लागला, याचे मोल मला आता कळते.

१५/
मालकांनी याला सहजासहजी मान तुकवली नाही. पहिल्या वेतनमंडळाचा निर्णय थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५८ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला, परंतु वृत्तपत्रांची पैसे देण्याची ऐपत विचारात घेतली नाही म्हणून मंडळाचा निर्णय रद्द केला. पुढे पालेकर, बच्छावत, मणिसाना, मजिठिया अशी मंडळे येत राहिली. मजिठिया मंडळाच्या शिफारशी सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या, त्यांनाही आव्हान दिले गेले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यायालयाने त्या उचलून धरल्या. ‘आमची ऐपत नाही’ हा युक्तिवाद जुनाच आहे. फरक एवढाच, की तेव्हा तो न्यायालयात हिशेबासह मांडावा लागे. आज तो व्हॉट्सॲपवरच्या एका भावनिक संदेशात उरकतो.

१६/
या साऱ्या संरक्षणात एक मोठी फट होती. १९५५ च्या कायद्याने ‘वृत्तपत्र’ म्हणजे छापील नियतकालिक असे मानले होते. त्यामुळे वाहिन्या आणि संकेतस्थळे आली तेव्हा तेथील पत्रकार त्या छत्राखाली नव्हते. स्टार्टअपने पुढची पायरी गाठली. तेथे ‘पत्रकार’ नसतात. असतात ते ‘सल्लागार’, ‘प्रशिक्षणार्थी’, ‘कंटेंट क्रिएटर’, ‘सहप्रवासी’. पगार नसतो, ‘मानधन’ असते. मान आणि धन असा जोडशब्द असूनही धन मागितले की मान दुखावतो, हा अनुभव आपल्यातील अनेकांनी घेतला असेल.

१७/
माध्यम स्टार्टअपमध्ये हा धोका अधिक का? कारण खर्चाचा मोठा भाग माणसांच्या कामाचा असतो. कारखाना बुडाला तर यंत्रे आणि जमीन विकून काही देणी फिटतात. येथे विकायला भाड्याचे दिवे आणि एक कॅमेरा एवढेच उरते. उत्पन्न उशिरा व बेभरवशाचे येते, मजकूर मात्र रोज लागतो. गुंतवणूकदाराचा पुढचा हप्ता लांबला, की घरमालक थांबत नाही, इंटरनेट पुरवणारा थांबत नाही. थांबवता येतो तो केवळ दादा म्हणून हाक मारणारा माणूस.

१८/
पगार थकणे हे पुष्कळदा मोठ्या पडझडीचे पहिले लक्षण असते. पश्चिम बंगालमधील शारदा समूहाने २०१० नंतर वृत्तपत्रे व वाहिन्यांचा झपाट्याने विस्तार केला. मोठे पगार देऊन पत्रकार आणले गेले. तो पैसा सुमारे १७ लाख लहान ठेवीदारांकडून गोळा झालेला होता. एप्रिल २०१३ मध्ये समूह कोसळला आणि प्रमुख सुदीप्त सेन यांना काश्मीरमध्ये अटक झाली. त्या प्रकरणात पोलिसांकडे गेलेल्या आरंभीच्या तक्रारींपैकी एक ठेवीदारांची नव्हती. ती समूहाच्या वाहिनीतील कर्मचाऱ्यांची होती आणि तिचा विषय होता थकलेला पगार.

१९/
या घटनेवरून प्रत्येक स्टार्टअप फसवणूक करतो असे सिद्ध होत नाही, आणि मला ते म्हणायचेही नाही. पण संस्थेचा पैसा कोठून येतो, हे विचारण्याचा हक्क तेथे काम करणाऱ्याला आहे. तो पाहुणा नव्हे. एक महिन्याचा पगार थकला, की तो त्या संस्थेचा धनको होतो. बँक कर्ज देण्यापूर्वी ताळेबंद पाहते. आपण कर्ज देऊन बसतो आणि ताळेबंदाविषयी विचारायला संकोचतो.

२०/
आजचा कायदा काय सांगतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेनुसार मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावे लागते. नोकरी सुटल्यास किंवा संस्था बंद झाल्यास हिशेब दोन कामकाजी दिवसांत पूर्ण करायचा असतो. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, नोंदणीकृत कामगार संघटनाही तो करू शकते, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत आता डिजिटल माध्यमेही आली आहेत. १९५५ चा कायदा मात्र रद्द झाला आणि त्याच्याबरोबर वेतनमंडळाची जुनी व्यवस्थाही गेली.

२१/
तुमच्यापैकी कित्येकजण अशा वाहिन्यांसाठी संहिता लिहिता, म्हणून चार गोष्टी सांगते. पहिली: काम सुरू करण्यापूर्वी रक्कम, तारीख आणि आपले नाते, नोकरी की कंत्राट, हे लेखी घ्या. साधा ईमेलही उपयोगी पडतो. दुसरी: दिलेल्या प्रत्येक कामाची तारखेसह नोंद स्वतःकडे ठेवा. संस्थेच्या ड्राइव्हवर ठेवलेली नोंद संस्थेच्या हाती असते. तिसरी: स्वतंत्रपणे काम करीत असाल तर उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. सूक्ष्म उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावे लागते आणि उशिरावर जबर व्याज लागते.

२२/
चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: एकट्याने मागू नका. एकट्याला ‘तुझे समजू शकतो, पण बाकीचे काही बोलत नाहीत’ असे ऐकवले जाते, आणि प्रत्येकाला तेच ऐकवले जाते. साडेपाच हजार सह्यांचे सामर्थ्य आपल्यापाशी नसेल, पण सहा सह्याही पुरतात. आणखी एक: नोकरीत नसताना लिहिलेल्या संहितेचा स्वामित्वहक्क, लेखी हस्तांतर केले नसेल तर, सामान्यतः लेखकाकडेच राहतो. पैसे न देता आपले लेखन वापरले जात असेल, तर ही बाब ठामपणे मांडता येते.

२३/
संस्थापकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. मराठीत इतिहासावर चांगले काम करणे आर्थिकदृष्ट्या कठीण आहे आणि अशा संस्था हव्यातच. दादांनी स्वतःचे पैसेही घातले होते, हे मला ठाऊक आहे. परंतु सहाव्या महिन्यात त्यांनी आम्हाला बसवून सांगितले असते, ‘पैसे दोन महिन्यांचे उरले आहेत, राहायचे की जायचे ते ठरवा,’ तर आमच्यापैकी काहीजण विनावेतनही थांबलो असतो. तो त्याग ठरला असता, कारण तो आम्ही ठरवला असता. तो निर्णय आमच्याकडून काढून घेतला गेला, ही माझी खरी तक्रार आहे. रक्कम त्यानंतर येते.

२४/
अखेर आम्ही सहाजणांनी एक पत्र लिहिले, त्याला कामांची यादी जोडली आणि उत्तरासाठी पंधरा दिवस दिले. निम्मी रक्कम मिळाली. उरलेली अद्याप मिळालेली नाही आणि त्यासाठी आता रीतसर दावा करण्याची तयारी चालू आहे. माझ्या संहितांवरच्या तीन चित्रफिती आजही पाहिल्या जात आहेत. त्यांपैकी एक लोखंड्यांवर आहे. ती लिहिताना रविवारच्या सुट्टीवर मी चार मिनिटे खर्च केली होती. १५ तारखेची मागणी लांबी कमी करताना गाळली होती, आणि ती मीच गाळली होती.

२५/
तेव्हा दादा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. ‘केसरी’ कशावर उभा राहिला, हे आपण दोघेही वाचू शकतो. पण त्याच काळात त्याच मराठीतला एक संपादक, स्वतःचे पत्र तोट्यात असताना, पगार ठरल्या तारखेला मिळाला पाहिजे असे सरकारला लिहून देत होता. परंपराच सांगायची असेल तर तीही सांगावी. धागा येथे संपला. ज्यांचे पैसे कोठे अडकले आहेत अशा मित्रमैत्रिणींपर्यंत तो पोहोचवावा.